आधार दिलं, आता माहितीची राखण कशी करायची? मोबाइल क्रमांकापासून माहिती अधिकाराच्या अर्जापर्यंत

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हा लोकांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: हा क्रमांक घेणं ऐच्छिक आहे आणि तुमची माहिती सुरक्षित राहील. त्यानंतर काय घडलं ते थोडक्यात पाहू. पुढे दिलेली कामं नेमकी का करायची, हे त्यातूनच कळतं.

२३ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की आधार नाही म्हणून कुणाचंही नुकसान होता कामा नये. तरीही कार्यालयं आधार मागत राहिली. मार्च २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने परिपत्रक काढून सगळे मोबाइल क्रमांक आधारने पुन्हा पडताळायला सांगितले आणि त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाचा हवाला दिला. एप्रिल २०१८ च्या सुनावणीत न्यायालयाने स्पष्ट केलं, की असा आदेश आपण दिलाच नव्हता. तोवर कोट्यवधी लोक दुकानात अंगठा लावून आले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खातं आणि सिमकार्ड यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भागही गेला. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून बँका आणि मोबाइल कंपन्यांना ‘ग्राहकाच्या इच्छेने’ आधार वापरायची वाट मोकळी केली गेली आणि ३१ जानेवारी २०२५ च्या नियमांनी ती आणखी खासगी संस्थांसाठी रुंद केली. मतदार यादीचंही तसंच. २०२१ च्या दुरुस्तीच्या वेळी आधार जोडणी ऐच्छिक असल्याचं सांगितलं गेलं, पण फॉर्म ६ ब मध्ये दोनच पर्याय होते: आधार क्रमांक द्या, किंवा ‘माझ्याकडे आधार नाही’ असं लिहा. ‘आहे, पण द्यायचा नाही’ यासाठी चौकटच नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने न्यायालयात सांगितलं, की अर्जांत स्पष्टता आणण्याचा विचार चालू आहे.

यात कायदा उघडपणे क्वचितच मोडला जातो. परिपत्रकाची भाषा, अर्जातली एक चौकट, संगणकावर लाल तारांकन लावलेला एक रकाना, यांतून वचन हळूच निसटतं. म्हणून राखणही तिथेच करावी लागते.

आधी मोबाइल क्रमांक

पुढचं प्रत्येक काम ओटीपीवर चालतं. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आणि तुमच्याच हातात असेल तरच बाकीचं जमेल. कुठला क्रमांक जोडलेला आहे हे आठवत नसेल, तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर ‘मोबाइल व ईमेल पडताळणी’ या सोयीत क्रमांक टाकून पाहता येतं.

इथली सर्वांत मोठी चूक जुन्या सिमची. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तो क्रमांक आधारला जोडलेलाच राहिला, तर तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बाबतीत हे हमखास घडतं. भारतातलं सिम पुण्याच्या घरी ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि कुणी रिचार्ज करत नाही. सिम सोडायचं असेल तर आधी आधारमधला क्रमांक बदला.

क्रमांक आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो. शुल्क ७५ रुपये आहे. कुणी ‘ऑनलाइन करून देतो’ म्हणालं तर त्याला आधार क्रमांक सांगू नका. ईमेलही जोडून घ्या. कुठेही आधारची पडताळणी झाली, की त्यावर सूचना येते. एसएमएस नजरेआड होतात, ईमेलमध्ये मात्र शोधता येतात.

सोळा अंकी व्हीआयडी

जानेवारी २०१८ मध्ये एका वृत्तपत्राने ५०० रुपयांत आधारच्या माहितीपर्यंत पोहोचता येतं, असं दाखवून दिलं. प्राधिकरणाने त्या बातमीवरून पोलिसांत तक्रार दिली आणि त्याच सुमारास व्हर्च्युअल आयडीची (व्हीआयडी) घोषणा केली. हा १६ अंकी तात्पुरता क्रमांक आधारच्या १२ अंकांच्या जागी पडताळणीला चालतो. त्यावरून मूळ क्रमांक शोधून काढता येत नाही.

तो मिळवायचे दोन मार्ग आहेत. मायआधार संकेतस्थळावर व्हीआयडी जनरेटरमध्ये आधार क्रमांक आणि ओटीपी टाका. नाहीतर नोंदणीकृत मोबाइलवरून १९४७ या क्रमांकाला एसएमएस करा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत जीव्हीआयडी, एक रिकामी जागा आणि आधारचे शेवटचे ४ अंक. विसरलात तर त्याच पद्धतीने आरव्हीआयडी लिहून पाठवा, चालू असलेला क्रमांक परत मिळतो. नवा तयार केला की जुना आपोआप रद्द होतो, त्यामुळे जुना कुठे दिला असेल तर काळजी नको.

व्हीआयडी डायरीत लिहून ठेवा. आधार क्रमांक कुलूपबंद केल्यावर तो उघडायला हाच लागतो.

पडताळणीचा इतिहास वाचायला शिका

हे काम बहुतेक लोक करतच नाहीत आणि सर्वांत जास्त कळतं ते इथूनच. मायआधारवर लॉग इन करून ऑथेंटिकेशन हिस्टरी उघडा, सगळे प्रकार निवडा आणि तारखा टाका. मागच्या ६ महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात. आधी या नोंदी ५ वर्षं ठेवायची तरतूद होती, २०१८ च्या निकालाने ती ६ महिन्यांवर आणली. पाळत रोखण्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. मात्र सातव्या महिन्यात तुम्हाला फसवणुकीचा संशय आला, तर संकेतस्थळावर पुरावा उरलेला नसतो. म्हणून दर ४ महिन्यांनी यादी उतरवून ठेवा. रेशन, पेन्शन, बँक मित्र (बँकेच्या वतीने पैसे देणारा-घेणारा प्रतिनिधी) असा वापर जास्त असेल तर ५० ची मर्यादा लवकर भरते. मग दर २ महिन्यांनी करा.

प्रत्येक ओळीत पडताळणीचा प्रकार, दिवस आणि वेळ, ती करणाऱ्या संस्थेचं नाव, व्यवहार क्रमांक, यश किंवा अपयश आणि अपयशाचं कारण सांगणारा कोड असतो. वाचताना या गोष्टींकडे लक्ष द्या.

प्रकार ‘ओटीपी’ असेल तर त्या वेळी तुमच्या फोनवर ओटीपी आलेला असणार. एसएमएसची तारीख ताडून पाहा. प्रकार ‘बोट’, ‘बुबुळ’ किंवा ‘चेहरा’ असेल, तर त्या वेळी तुम्ही कुठे होतात ते आठवा. दुकान बंद असतं अशा वेळची किंवा तुम्ही गावात नसतानाची यशस्वी नोंद दिसली, तर लगेच खालच्या ‘गडबड झाली तर’ या भागाकडे वळा.

‘डेमोग्राफिक’ नोंदीने लोक घाबरतात. यात नाव, जन्मतारीख, लिंग असा मजकूर क्रमांकाशी जुळतो का, एवढंच तपासलं जातं. त्यासाठी ना तुमचं बोट लागतं ना ओटीपी. सरकारी खाती लाभार्थ्यांच्या याद्या एकदम तपासतात, तेव्हा तुम्ही काहीही न करता अशी ओळ उमटते. तिला फसवणूक समजू नका, पण टिपून ठेवा. तुमचा क्रमांक कुठल्या खात्याच्या यादीत आहे, हे त्यातून कळतं.

संस्थेचं नाव ओळखीचं नसणं तेवढ्यापुरतं संशयास्पद नाही. अनेक कार्यालयं दुसऱ्या संस्थेच्या परवान्याखाली पडताळणी करतात आणि नोंदीत परवानाधारकाचं नाव येतं. शंका असेल तर १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर फोन करून व्यवहार क्रमांक सांगा.

एकापाठोपाठ अपयशी नोंदी आणि कोड ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. रेशन दुकानात चार वेळा अंगठा लावला असेल तर ठीक. तुम्ही कुठेच गेला नसाल, तर कुणीतरी प्रयत्न करत आहे. कोड ३३० म्हणजे बायोमेट्रिक (बोट, बुबुळ, चेहरा) कुलूपबंद होतं म्हणून विनंती फेटाळली गेली.

ठशांना कुलूप

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. शिवाय तो आधारच्या भांडारातूनच चोरीला जातो असं नाही. जमिनीच्या खरेदीखतावर, भाडेकरारावर तुमचे ठसे असतात. काही राज्यांत नोंदणी विभागाच्या ऑनलाइन दस्तांवरचे ठसे उतरवून सिलिकॉनचे बनावट अंगठे तयार केले गेले आणि त्यांनी बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे दाखल झाले.

आधारवर पैसे काढण्याच्या एईपीएस सोयीत पिन नाही, ओटीपी नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढ्यावर एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. तुम्ही ही सोय कधी मागितली नसेल, तरी आधार जोडलेल्या खात्यावर ती बहुधा चालूच असते.

कुलूप लावायला मायआधारवर ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ उघडा, अटी मान्य करा आणि लॉक निवडा. हेच काम आधारच्या ॲपमध्येही होतं. यानंतर बोट, बुबुळ, चेहरा या तिन्हींवरची पडताळणी बंद होते. ओटीपीवरची मात्र चालू राहते, त्यामुळे रोजचं बरंचसं काम अडत नाही.

अडतं कुठे ते आधी समजून घ्या. रेशनचं ई-पॉस मशीन, हयातीच्या दाखल्यासाठीचं जीवन प्रमाण, नवं सिमकार्ड, बँक मित्राकडे पैसे काढणं, दस्त नोंदणीच्या वेळची ओळख. या कामांआधी तात्पुरतं कुलूप उघडावं लागतं. ‘तात्पुरतं’ निवडलंत तर १० मिनिटांनी ते आपोआप पुन्हा लागतं. म्हणून घरून उघडून निघू नका. रांगेत तुमच्या पुढे एकच माणूस उरला, की मग उघडा. दुकानात नेटवर्क नसेल तर ओटीपी येणार नाही, हेही गृहीत धरा. चुकून ‘कायमचं उघडा’ दाबलं जातं आणि महिनोन्महिने ध्यानात येत नाही. काम झाल्यावर एकदा स्थिती पाहून घ्या.

घरातल्या वृद्धांचं कुलूप परस्पर लावून शहरात परतू नका. त्यांच्या हातात साधा फोन असेल, तर पुढच्या महिन्यात रेशन मिळणार नाही आणि कारणही कळणार नाही. त्यांच्या बाबतीत आधी बँकेत जाऊन खात्यावरची एईपीएसने पैसे काढण्याची सोय बंद करायचा लेखी अर्ज द्या. ज्यांचं पैसे काढणंच बँक मित्राकडून होतं, त्यांच्यासाठी हा उपाय नाही. तिथे प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस कुणातरी विश्वासू माणसाने पाहावा, एवढंच हातात राहतं.

संपूर्ण क्रमांकालाच कुलूप

याच्या पुढची पायरी म्हणजे आधार क्रमांक लॉक करणं. मग त्या १२ अंकांवर ओटीपी, बोट, डेमोग्राफिक, कसलीच पडताळणी होत नाही, फक्त व्हीआयडी चालतो. उघडताना सर्वांत अलीकडचा व्हीआयडी लागतो, म्हणूनच तो आधी तयार करायचा.

आमचं मत असं: ज्यांना कुठल्याही सरकारी योजनेचे पैसे मिळत नाहीत, रेशन नाही आणि वर्षाकाठी एक-दोनदाच आधार लागतं, त्यांनी हे जरूर करावं. शेतकरी सन्मान निधी, लाडकी बहीण, निराधार योजना, शिष्यवृत्ती यांपैकी काही घरात येत असेल तर करू नये. या योजनांत क्रमांक थेट तपासला जातो. पडताळणी फेटाळली गेली आणि यादीतून नाव गेलं, तर ते परत आणायला तहसीलच्या फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतात.

पैसे कोणत्या खात्यात जातात

२०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेने सिम पडताळणीच्या वेळी ग्राहकांची खाती नकळत उघडली आणि गॅसचं अनुदान तिकडे वळलं. डिसेंबरमध्ये प्राधिकरणाने तिचा ई-केवायसी (आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याचा) परवाना स्थगित केला. असं घडू शकलं, कारण आधार एकापेक्षा जास्त बँक खात्यांना जोडता येतं, पण अनुदान वळवणाऱ्या राष्ट्रीय भरणा महामंडळाच्या मॅपरवर (कोणत्या आधारला कोणती बँक, या यादीवर) एका वेळी एकच बँक असते. सर्वांत शेवटी जोडलेली बँक आधीचीला बाजूला सारते.

मायआधारवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (बँक जोडणीची स्थिती) पाहा. तिथे बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की नाही ते दिसतं. नाव अनोळखी निघालं, तर आपल्या नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज पुन्हा द्या आणि त्यात ‘अनुदानासाठी हेच खाते’ असं स्पष्ट लिहा. पोच घ्या. अनोळखी खातं कुणी आणि कोणत्या संमतीवर उघडलं, हे त्या बँकेला लेखी विचारा.

याच बैठकीत दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही पाहून घ्या. एका व्यक्तीला महाराष्ट्रात ९ पर्यंत जोडण्या चालतात. आपला नसलेला क्रमांक ‘माझा नाही’ म्हणून कळवा. यासाठी ॲप लागत नाही, ब्राउझरमधून काम होतं. हेच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यावं, असा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला होता. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला गेला.

झेरॉक्स

२७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सावध केलं, की आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क केलेली प्रत द्या. दोनच दिवसांत ती सूचना गैरसमज होईल या कारणाने मागे घेतली गेली. सल्ला मात्र योग्यच होता.

मास्क आधारमध्ये पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. ई-आधार डाउनलोड करताना ‘मास्क आधार हवं’ या चौकटीवर खूण करा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. हे कुणालाही ओळखता येतं, म्हणून पासवर्ड आहे या भरवशावर फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. महा ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत छापलंत, तर डाउनलोडमधली फाइल आणि रिसायकल बिन दोन्ही तुमच्यासमोर रिकामं करून घ्या, आणि व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडा. फाइल दुकानदाराच्या फोनवर पाठवून छापायची पद्धत टाळा. ती तिथेच राहते.

प्रत देताना फोटो आणि पत्त्यावरून जाईल अशी तिरकी ओळ पेनने लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी, अमुक कार्यालयास, दिनांक’, आणि सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

लॉज, सोसायटीचं फाटक, परीक्षेचा क्लास अशा ठिकाणी आधारच हवं असं काही नसतं. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. आधार दाखवायचंच असेल, तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून खातरजमा होते, प्रत ठेवायची गरज नसते. ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक आणि बायोमेट्रिक साठवू नये, असं आधार कायद्याचं कलम ८ अ सांगतं. २०२५ च्या अखेरीस आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये फक्त नाव किंवा फक्त वय असं निवडून दाखवता येतं. पर्याय म्हणून ऑफलाइन ई-केवायसीची झिप फाइल आहे. तिला तुम्ही ठरवलेला ४ अक्षरी कोड लागतो, आत प्राधिकरणाची डिजिटल सही असते आणि आधारचे फक्त शेवटचे ४ अंक असतात. प्रत्येक संस्थेसाठी नवी फाइल, नवा कोड.

अर्ज भरताना

कुठल्याही सरकारी अर्जावर आधारचा रकाना दिसला, की एकच प्रश्न विचारा: हे कुठल्या कायद्याखाली किंवा शासन निर्णयाखाली लागतं? अनुदान, सवलत, सरकारच्या एकत्रित निधीतून खर्च होणारा लाभ असेल, तर आधार कायद्याचं कलम ७ लागू होतं आणि आधार मागता येतं. तिथेही क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा पुरावा स्वीकारावा लागतो. पॅनशी जोडणी न्यायालयाने वैध ठरवली आहे, त्यावर वाद घालून वेळ दवडू नका. बँक खातं आणि सिम यांना वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट चालतात. शाळा प्रवेशाला आधार सक्तीचं करता येत नाही, हे २०१८ च्या निकालात स्पष्ट आहे.

संमतीचा मजकूर वाचा. ‘या माहितीचा वापर शासनाच्या इतर योजनांसाठी करण्यास माझी हरकत नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ते खोडून ‘फक्त या योजनेसाठी’ असं लिहा, सही करा आणि त्या पानाचा फोटो काढा. ऑनलाइन अर्जात खोडता येत नाही. तिथे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी कार्यालयाला ईमेल करून मर्यादा कळवा. कार्यालय मानेलच असं नाही. पण तुम्ही सरसकट संमती दिली होती, असं मग कुणाला म्हणता येत नाही.

रेशन दुकानात ठसे उमटत नाहीत म्हणून माघारी पाठवलं जातं. ऊसतोड, बांधकाम, धुणीभांडी करणाऱ्यांचे आणि वृद्धांचे ठसे झिजलेले असतात. वय, आजार, इजा यांमुळे पडताळणी झाली नाही तर पर्यायी मार्ग द्यावा लागेल, असं २०१९ ची दुरुस्ती म्हणते. दुकानदाराला ओटीपी किंवा बुबुळाचा पर्याय मागा. नकार दिला तर तारीख आणि वेळ लिहून घ्या, १९६७ या रेशनच्या मदत क्रमांकावर तक्रार करा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. पडताळणीच्या इतिहासातली कोड ३०० ची अपयशी नोंद सोबत जोडा. तुम्ही दुकानात गेला होतात, याचा तोच पुरावा.

आयुष्मान भारतचा आरोग्य नोंदींसाठीचा १४ अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे आणि आधारऐवजी वाहन परवान्यावरही निघतो. नको असलेला तुमच्या नावे निघाला असेल, तर आभा संकेतस्थळावर लॉग इन करून तो निष्क्रिय करता येतो किंवा काढून टाकता येतो.

मुलांच्या बाबतीत

महाराष्ट्रात शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यता आधार पडताळलेल्या पटसंख्येशी जोडली गेली. वर्गशिक्षक मुलाच्या आधारसाठी मागे लागतात त्यामागे हा दबाव असतो. त्यांच्यावर चिडण्यापेक्षा मुख्याध्यापकांना लेखी द्या.

अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक पालकांच्या संमतीवर आहे. संमतीपत्र कोरं परत करू नका. त्यावर ‘संमती देत नाही’ असं लिहा, सही आणि तारीख घाला, शाळेची पोच घ्या. आधी दिलेली संमती मागेही घेता येते.

आधार कायद्याच्या कलम ३ अ नुसार अल्पवयीन मुलाचं आधार आईवडिलांच्या संमतीने काढलं जातं आणि आधार नाही म्हणून मुलाला लाभ नाकारता येत नाही. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांच्या आत ते रद्द करण्याचा अर्ज करता येतो. ही मुदत फारच थोड्या घरांत माहीत असते आणि त्याच काळात प्रवेश, शिष्यवृत्ती, पॅन यांची घाई असते. रद्द करायचं असेल तर या तिन्हींपैकी काय आधारशिवाय मिळेल, ते आधी तपासून घ्या.

गडबड झाली तर

खात्यातून पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार, आणि बायोमेट्रिकला कुलूप. बँकेला ३ कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात इतक्या मुदतीत कळवलं, तर तोटा तुमच्यावर पडत नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. उशीर झाला की ही बाजू कमकुवत होते. शाखेत ‘आधी एफआयआर आणा’ म्हणतात. १९३० वरच्या तक्रारीचा क्रमांक अर्जात लिहा आणि एफआयआरची वाट न पाहता पोच घ्या.

तुमचा आधार क्रमांक एखाद्या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत उघडा दिसला, तर ते आधार कायद्याच्या कलम २९ चं उल्लंघन आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात प्राधिकरणानेच मान्य केलं होतं, की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर अशी माहिती दिसत होती. पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पण फक्त आपल्याच ओळीचा. पूर्ण यादी उतरवू नका, दुवा समाजमाध्यमावर टाकू नका. त्या खात्याला आणि प्राधिकरणाच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयाला एकाच ईमेलने कळवा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही तिकडेच येतात.

पोलीस तपासात ठसे मागितले तर काय, हेही जाणून घ्या. याचा पाया गोव्यातल्या प्रकरणात घातला गेला. वास्कोतल्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी तिथल्या न्यायालयाने आधारमधले ठसे द्यायला सांगितले. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१४ रोजी आदेश मिळाला, की व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणालाही देऊ नये. आधार कायद्याच्या आजच्या कलम ३३ नुसार ओळखीची माहिती आणि पडताळणीच्या नोंदी द्यायला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा आदेश लागतो आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद वेगळा आहे. पोलीस ठाण्यात कुणी ‘आधारमधून ठसे काढतो’ म्हणालं, तर ठसे आणि बुबुळ अशा आदेशानेही देता येत नाहीत, हे सांगा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर आज फार विसंबू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. लाभ देण्यासाठी शासनाला स्वतंत्र संमतीशिवाय माहिती वापरता येते आणि केंद्र सरकार कुठल्याही शासकीय संस्थेला कलम १७ खाली सूट देऊ शकतं. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ज), म्हणजे वैयक्तिक माहिती असल्याचं सांगून नकार देण्याची तरतूद, मात्र लगेच आवळलं गेलं. नागरिकाचं संरक्षण लांबणीवर आणि अधिकाऱ्यांची ढाल ताबडतोब, हा क्रम चुकीचा आहे आणि तो बदलावा यासाठी बोललं पाहिजे.

तरी स्वतःच्या माहितीबद्दल विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज अजून कामाचा आहे. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून भरा. एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा. ओळखपत्राची प्रत जोडा, म्हणजे ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून फेटाळायला जागा राहत नाही. असे प्रश्न विचारा: माझा आधार क्रमांक आपल्या कार्यालयाने कोणत्या दिनांकाच्या शासन निर्णयानुसार घेतला, त्याची प्रत. माझ्या संमतीपत्राची प्रत. ही माहिती ज्या अन्य खात्यांना किंवा खासगी संस्थांना दिली त्यांची नावं आणि पत्रव्यवहाराच्या प्रती. कागदपत्रं किती वर्षं जतन करायची, याविषयीच्या नियमाची प्रत. ‘का दिली’ असं विचारू नका, कारणं सांगायला जनमाहिती अधिकारी बांधील नसतो. त्याच्याकडे असलेल्या कागदाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘संमतीपत्र उपलब्ध नाही’ असं आलं, तर ३० दिवसांच्या आत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर फेकून देऊ नका. आधार कायद्याच्या कलम ८ खाली पडताळणीआधी संमती घ्यावीच लागते, आणि ती घेतली नसल्याचं कार्यालयाने स्वतःच्या सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं.